वेल्समधील दुर्लक्षित शिल्पवाट: ही पात्रे कोणती, आणि त्यांचे आता काय करावे?

वनवाटसरू (प्रश्न)

नमस्कार. दक्षिण वेल्समधील एका खोऱ्यात, कोळशाची खाण बंद झाल्यानंतर तिच्या उतारावर लावलेल्या जंगलातून, वेल्सच्या पुराणकथांवर आधारलेली एक शिल्पवाट जाते. सध्या मी त्याच परिसरात राहते आणि अलीकडेच ती वाट पूर्ण चालले. जंगलाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण कोणाविरुद्ध तक्रार मांडण्याचा माझा हेतू नाही. मला ती शिल्पे समजून घ्यायची आहेत, आणि त्यांच्यासाठी काही करता येण्यासारखे असेल तर ते विचारपूर्वक करायचे आहे.

खालच्या वाहनतळापासून निघाल्यावर पहिला टप्पा रुंद आणि खडीचा आहे. परंतु पुढे नेचे आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या यांनी वाट इतकी झाकली आहे की काही ठिकाणी पुढचा खुणेचा खांब दिसल्याशिवाय पाऊल कोठे टाकावे ते कळत नाही. प्रत्येक शिल्पाजवळ एके काळी माहितीफलक असावा. आता बहुतेक ठिकाणी नुसत्या चौकटी उरल्या आहेत, आणि जेथे फलक आहेत तेथे वरच्या पारदर्शक आवरणाच्या आत शेवाळ धरून मजकूर पूर्ण नाहीसा झाला आहे. एका ठिकाणी ‘माबिनोगी’ एवढा एकच शब्द वाचता आला, म्हणून विषयाचा तरी पत्ता लागला.

मला दिसलेली शिल्पे चालण्याच्या क्रमाने अशी. प्रथम, जागेवरच कोरलेल्या एका उंच बुंध्यावर एका बाजूने स्त्रीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूने घुबड. त्याच्या छातीत मोठी पोकळी पडली असून खालच्या भागावर आळंबी उगवली आहे. त्यानंतर एक बोकड, आणि त्याच्या शेजारी छप्पर असलेला लाकडी हौद. छप्पर अर्धे कोसळले आहे. ओढ्याच्या पलीकडे एक उभी दगडी शिळा आहे, तिला आरपार गोल भोक आहे. पुढे दोन बेचके जमिनीत रोवून त्यांवर आडवी काठी ठेवलेली आहे आणि तिला एक बारीक साखळी लोंबते आहे. साखळीच्या टोकाला काही नाही. त्याच्या वरच्या अंगाला एक मोठी कढई किंवा हंडा चार तुकडे होऊन पडलेला आहे. हे कोणा टवाळखोरांचे काम असावे असे मला वाटले. नंतर धड नसलेले एक प्रचंड मस्तक, शेवाळाने पूर्ण मढलेले. मग दगडी पायरीजवळ वाकून बसलेली एक स्त्री. शेवटी, वरच्या प्रवेशद्वाराजवळ, कुत्र्यांचा एक कळप. त्यांपैकी एकाच्या कानांवर लाल रंगाचा अंश अजून दिसतो. याखेरीज मुख्य वाटेपासून दूर, एका आडवाटेवर, मानेवर कंगव्यासारखे काहीतरी कोरलेला एक रानडुक्कर आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. ही पात्रे कोणती आणि त्यांना काही क्रम आहे का? आणि स्थानिक ओळखीचे काही लोक एखाद्या रविवारी जाऊन शिल्पे घासून स्वच्छ करावीत, हंडा जोडावा आणि सर्वांवर जवसाचे तेल चढवावे असे म्हणत आहेत. त्याला मी होकार द्यावा का?

कथाप्रेमी

आपल्या वर्णनावरून क्रम अगदी स्पष्ट होतो. आपण ही वाट उलट्या टोकाकडून चाललात. मूळ रचना वरच्या प्रवेशद्वारापासून, म्हणजे कुत्र्यांपासून, खाली घुबडापर्यंत उतरत यावी अशी आहे, आणि तसे पाहिले तर माबिनोगीच्या चारही शाखा ओळीने येतात.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. माबिनोगीच्या चार शाखा म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या चार मध्ययुगीन वेल्श गद्यकथा. त्यांचा पाठ मुख्यतः दोन हस्तलिखितांमुळे टिकला: १३५० च्या सुमाराचे ‘रदेर्खचे श्वेत पुस्तक’, जे आज आबेरिस्टविथच्या वेल्श राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि १४०० च्या आगेमागे लिहिले गेलेले ‘हेर्गेस्टचे लाल पुस्तक’, जे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ठेवलेले आहे. एकोणिसाव्या शतकात या कथा वेल्सबाहेर पोहोचल्या त्या शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ या काळात प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे. या बाई मर्थर टिडफिलजवळील दौलाइसच्या लोखंड कारखान्याच्या मालकाच्या पत्नी होत्या, आणि पती १८५२ मध्ये वारल्यावर काही काळ त्यांनी स्वतः तो कारखाना चालवला. खाणीच्या उतारावर या कथांची शिल्पे उभी करणे काहींना ओढूनताणून केलेले वाटते; मला वाटत नाही. हे भाषांतर झाले तेच मुळी लोखंड आणि कोळशाच्या खोऱ्यात.

आता वरून खाली येऊ. कुत्रे आहेत ते आनूनचे, म्हणजे परलोकाचे. पहिल्या शाखेत दवेदचा राजा पुइल ग्लिन कीख येथे शिकारीला जातो, तेव्हा शुभ्र अंगाचे आणि लाल कानांचे कुत्रे एका हरणाला पाडताना त्याला दिसतात. तो त्यांना हाकलून आपल्या कुत्र्यांना ते हरीण खाऊ घालतो, आणि तेवढ्यात त्यांचा धनी, आनूनचा राजा आरौन, समोर येऊन उभा राहतो. या आगळिकीची भरपाई म्हणून दोघांनी एक वर्षभर एकमेकांचे रूप घेऊन एकमेकांचे राज्य चालवावे असे ठरते. कानांवरचा लाल रंग म्हणजे कोणी नंतर फासलेला रंग नव्हे. तो उडू देता कामा नये.

पायरीजवळची वाकलेली स्त्री म्हणजे रिआनन, पुइलची राणी. तिचे तान्हे मूल एका रात्रीत नाहीसे होते. पहाऱ्यावर असलेल्या सहा बायका झोपी गेलेल्या असतात, आणि शिक्षेच्या भीतीने त्या कुत्रीच्या पिलांचे रक्त राणीच्या तोंडाला फासून तिनेच मूल मारल्याचा आरोप करतात. प्रायश्चित्त असे की सात वर्षे तिने आर्बेर्थच्या दरबाराच्या दाराबाहेर, घोड्यावर चढण्यासाठी ठेवलेल्या दगडाजवळ बसावे, येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला आपली कथा सांगावी आणि त्याला पाठीवर घेऊन आत नेण्याची तयारी दाखवावी. क्वचितच कोणी ते मान्य करी, असे कथाकार लगेच नोंदवतो. तुम्ही पाहिलेली पायरी म्हणजे तोच दगड. शिल्पकाराने तिला घोड्यावर बसलेली न दाखवता येथे बसलेली दाखवली, ही निवड मला फार आवडली; तिची बहुतेक चित्रे घोड्यावरचीच असतात.

मस्तक आणि हंडा हे दोन्ही दुसऱ्या शाखेतील, आणि ही शाखा चारींत सर्वांत दुःखद आहे. हार्लेख येथे ब्रिटनचा महाकाय राजा बेंडिगेइडव्रान, म्हणजे ब्रान, आपली बहीण ब्रानवेन हिचा विवाह आयर्लंडच्या माथोलुख राजाशी ठरवतो. सावत्र भाऊ एव्निशिएन रागाच्या भरात आयर्लंडच्या पाहुण्यांच्या घोड्यांना विद्रूप करतो, आणि भरपाई म्हणून ब्रान त्यांना पुनर्जन्माचा हंडा देतो: मेलेला योद्धा त्यात टाकला की दुसऱ्या दिवशी तो लढायला उठतो, फक्त त्याची वाचा गेलेली असते. आयर्लंडमध्ये ब्रानवेनचा छळ होतो, ती एका साळुंकीसारख्या पक्ष्याला शिकवून त्याच्याबरोबर निरोप पाठवते, ब्रान समुद्रातून चालत येतो आणि घनघोर युद्ध होते. त्यात तोच हंडा शत्रूच्या मेलेल्या सैनिकांना उठवू लागतो, तेव्हा एव्निशिएन मृतांमध्ये लपून स्वतःला हंड्यात टाकून घेतो आणि आतून अंग ताणतो. हंड्याचे चार तुकडे होतात, आणि त्याचे हृदयही फुटते.

चार तुकडे, हे लक्षात घ्यावे. आपण जो ‘मोडलेला’ हंडा पाहिलात तो बहुधा मुळातच चार तुकड्यांत घडवलेला आहे. तो जोडला तर कथाच पुसली जाईल.

ब्रानच्या पायाला विषारी भाला लागतो आणि तो उरलेल्या सात साथीदारांना आपले मस्तक कापून लंडनला नेण्यास सांगतो. वाटेत हे मस्तक जिवंत असताना जसे होते तसेच बोलत, सोबत करत राहते: सात वर्षे हार्लेखला, रिआननच्या तीन पक्ष्यांचे गाणे ऐकत, आणि ऐंशी वर्षे ग्वालेस बेटावर, जोवर कोणी कॉर्नवॉलकडचे दार उघडत नाही तोवर. शेवटी ते लंडनमधील श्वेत टेकडीत फ्रान्सकडे तोंड करून पुरले जाते, म्हणजे समुद्रापलीकडून संकट येऊ नये. आपल्या जंगलातील मस्तकाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने पाहावे. आग्नेयेकडे असेल तर शिल्पकाराने कथा नीट वाचली होती असे समजावे. आणखी एक पाहावे. आयर्लंडमध्ये नदी ओलांडता येईना तेव्हा ब्रान स्वतः आडवा झाला आणि सैन्य त्याच्या अंगावरून गेले. जो प्रमुख असेल त्याने पूल व्हावे, हे त्याचे वचन आजही वेल्समध्ये म्हण म्हणून चालते. ओढ्यावरच्या पुलाच्या टोकांना हात कोरलेले आहेत का, ते पाहिल्यास बरे.

बेचके, आडवी काठी आणि साखळी म्हणजे तिसरी शाखा, आणि येथे आपण सगळ्यांत गमतीची गोष्ट हरवून बसलो आहोत: साखळीला एक उंदीर असणार. दवेदवर जादूचे धुके उतरून सारी वस्ती नाहीशी होते, ब्रानचा भाऊ मानाविदान गहू पेरतो, आणि पीक तयार झाले की प्रत्येक रात्री एकेक शेत कोणीतरी कणसे खुडून ओसाड करते. शेवटी तो पाळत ठेवतो आणि उंदरांच्या झुंडीतील एक जाड, मंद उंदरीण पकडतो. दुसऱ्या दिवशी तो राजा चोराला फाशी देण्यासाठी अगदी गंभीरपणे बेचके रोवतो. आधी एक विद्वान, मग एक धर्मगुरू, मग बिशप येऊन वाढत्या रकमा देऊ करतात, आणि तो प्रत्येकाला नकार देतो. शेवटी उघड होते की ती उंदरीण बिशपच्या रूपातील जादूगाराची गरोदर बायको आहे, आणि तिच्या बदल्यात मानाविदान साऱ्या दवेदवरची जादू उतरवून घेतो. इतका छोटा उंदीर शिल्पवाटेवर सर्वांत आधी चोरीला जावा हे स्वाभाविकच.

बोकड, हौद, भोक असलेली शिळा आणि घुबड हे सर्व चौथ्या शाखेतील एकाच प्रसंगाचे भाग आहेत. ल्लेय याला मानवकुळातील पत्नी मिळणार नाही असा त्याच्या आईचा शाप असतो, म्हणून माथ आणि ग्विदिऑन हे जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांपासून ब्लोदेउवेद ही स्त्री निर्माण करतात. तिचे प्रेम ग्रोनू पेब्र नावाच्या दुसऱ्याच पुरुषावर बसते. ल्लेयला घरात मारता येत नाही, घराबाहेर नाही, घोड्यावर नाही आणि पायी नाही. त्याला मारायचे तर नदीकाठी छप्पर घातलेल्या हौदाच्या कडेवर एक पाय आणि बोकडाच्या पाठीवर दुसरा पाय ठेवून तो उभा असला पाहिजे, आणि भाला वर्षभर केवळ रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी घडवलेला असला पाहिजे. ब्लोदेउवेद त्याला हे प्रात्यक्षिक करून दाखवायला लावते. भाला लागताच तो गरुड होऊन उडून जातो, आणि ग्विदिऑन त्याला ओकच्या शेंड्यावर शोधून काढून पुन्हा माणूस करतो. मग ल्लेय ग्रोनूवर भाला फेकतो तेव्हा ग्रोनू मध्ये एक शिळा धरण्याची परवानगी मागतो. भाला शिळेतून आरपार जातो. ब्लेनाय फेस्टिनिओगजवळ कन्वल नदीच्या परिसरात अशी भोक असलेली शिळा खरोखर आहे आणि ती ग्रोनूची शिळा म्हणून ओळखली जाते. ब्लोदेउवेदला ठार न मारता घुबड केले जाते.

आडवाटेवरील रानडुक्कर चार शाखांचा नाही. तो तूर्ख त्रुइथ. ‘किल्हूख आणि ओल्वेन’ या वेगळ्या कथेतला, पापांमुळे डुक्कर झालेला राजा. त्याच्या दोन कानांच्या मध्ये कंगवा, वस्तरा आणि कात्री असते, आणि आर्थर आपल्या सैन्यासह दक्षिण वेल्सभर त्याचा पाठलाग करतो. त्याला मुख्य वाटेपासून वेगळा ठेवला आहे, हे योग्यच आहे.

लाकूडकामगार

हंड्याबाबतचा निर्णय तर्कावर सोडण्याची गरज नाही. तुकड्यांच्या कडा पाहाव्यात. करवतीने किंवा छिन्नीने घडवलेली कड सपाट असते, तिच्यावर हत्याराचे समांतर ओरखडे दिसतात, आणि ती शिल्पाच्या बाकीच्या पृष्ठभागाइतकीच करडी पडलेली असते. मोडलेल्या लाकडाची कड तंतुमय आणि दातेरी असते, आणि मोड अलीकडची असेल तर तिचा रंग आतल्या लाकडाचा असतो.

आता तेलाविषयी. कृपया जवसाचे तेल लावू नये. उघड्यावरील लाकडावर ते वर्षभरसुद्धा संरक्षण देत नाही, आणि दमट हवेत त्यावर काळी बुरशी मात्र उत्तम पोसते. व्हार्निश त्याहून वाईट: तो तडकतो, पाणी तड्यांतून आत जाते आणि बाहेर येऊ शकत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो, आणि वेल्सच्या डोंगराळ भागात, जेथे एरिरी (स्नोडोनिया) पर्वतांच्या माथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो, तेथे प्रश्न पाणी वरून पडण्याचा नसून ते कोठे साचते याचा आहे. दक्षिणेकडील खोऱ्यांत पाऊस इतका नाही, पण सावलीतल्या जंगलात लाकूड वाळायला उसंत मिळत नाही हे तेथेही खरे आहे.

म्हणून उपाय अगदी साधे आहेत. शिल्पाच्या बुडाशी साचलेला पाचोळा आणि माती काढावी, भोवतीचे नेचे कापून हवा खेळती ठेवावी, आणि जेथे पाणी तुंबते अशा खळग्यांना खालून निचरा मिळतो का ते पाहावे. तारेच्या ब्रशने घासणे पूर्णपणे टाळावे. करडा झालेला वरचा थर मऊ असतो, आणि त्याच्याबरोबर कोरीवकामातील बारीक रेषा निघून जातात. शेवाळ हाताने अलगद उचलता येते. दगडावरचे तर काढायचीही गरज नाही.

कोणते शिल्प किती टिकेल हे लाकडाच्या जातीवर अवलंबून आहे. टिकाऊपणाच्या युरोपीय प्रमाणात ओक आणि स्वीट चेस्टनट यांचे गाभ्याचे पक्के लाकूड दुसऱ्या वर्गात येते, तर बीच, ॲश आणि सिकॅमोर हे पाचव्या, म्हणजे सर्वांत कमी टिकाऊ वर्गात. खाणींच्या उतारावरील जंगलांत लार्च भरपूर असे. ते या दोहोंच्या मधले. आणखी एक गोष्ट लोकांना नेहमी घाबरवते: अख्ख्या ओंडक्यावर कोरलेल्या शिल्पाला मध्यापासून कडेपर्यंत उभी भेग पडतेच, कारण लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच त्रिज्येच्या दिशेने आकसते. ती भेग म्हणजे कुजणे नव्हे, आणि ती पुट्टी भरून बुजवू नये.

घुबडाची स्थिती मात्र वेगळी आहे. मुळासकट उभ्या बुंध्यावर कोरलेले शिल्प जमिनीतून सतत पाणी ओढते, आणि बुडाशी आळंबी दिसते म्हणजे आत बुरशी बऱ्याच वर पोहोचली आहे. ते वाचवता येणार नाही. ते केव्हा आणि कोणत्या बाजूला पडेल एवढाच प्रश्न आहे, आणि वाट त्याच्या पडण्याच्या टप्प्यात असेल तर वाट हलवणे हे शिल्प पाडण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचे असते.

ओढ्याकाठी

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. लाकडी शिल्प जंगलात ठेवणे म्हणजे ते जंगलाला परत देणे होय, हे ज्यांनी या कामाला सुरुवात केली त्यांना चांगले ठाऊक होते. वेल्समधील याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्लेनाय फेस्टिनिओग येथील शिल्पकार डेव्हिड नॅश. त्यांनी १९७८ मध्ये पडलेल्या एका ओकमधून गोल शिळेसारखा मोठा ओंडका कोरला. तो डोंगरावरून नेताना ओढ्यात अडकला, तेव्हा त्यांनी तो तेथेच राहू दिला, आणि पुढील अनेक वर्षे पुरांबरोबर तो खाली खाली सरकत द्वीरीद नदीच्या खाडीत पोहोचला. याच नदीच्या काठी, मेन्टूरोगजवळ, चौथ्या शाखेत ग्विदिऑन रिआननच्या मुलाला, प्रदेरीला, द्वंद्वात मारतो. त्यांनीच १९७७ मध्ये २२ ॲश वृक्षांचे वर्तुळ लावून ते घुमटाकार वाढवले. ॲश मारणारी बुरशी ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रथम आढळली आणि या वर्तुळालाही तिने गाठले.

फुलांची बनलेली आणि पुढे घुबड झालेली ब्लोदेउवेद आळंबी उगवून संपत असेल, तर तिच्या बाबतीत तरी मला यात काही बिघडलेले दिसत नाही. दुर्लक्ष हा शब्द आपण जरा जपून वापरावा.

कथाप्रेमी

ओढ्याकाठी यांच्याशी मी अर्धवट सहमत आहे. नॅश यांच्या ओंडक्याची प्रत्येक अवस्था छायाचित्रांत आणि रेखाटनांत नोंदली गेली आहे. म्हणूनच त्याचे वाहून जाणे ही कलाकृती ठरते. या वाटेवर घुबड कुजण्याआधी त्याचे नाव कुजले आहे. फलक वाचता येत नाही म्हणून रिआनन ‘वाकलेली स्त्री’ झाली आणि पुनर्जन्माचा हंडा टवाळखोरांचे काम ठरला. लाकूड आणखी दहा वर्षे टिकले तरी त्याने हे बदलणार नाही. कुजू द्यायचे असेल तर अवश्य द्यावे, पण कोण कुजते आहे ते आधी लिहून ठेवावे. तेलाच्या डब्याऐवजी लोकांनी वही आणि कॅमेरा घेऊन जावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पायवाट-मित्र

व्यवहाराच्या काही बाबी सांगतो. हे सगळे वेल्सला लागू आहे.

प्रथम मालक कोण ते शोधावे. सरकारी जंगल असेल तर ते ‘कवोएथ नातिरिओल कम्री’, म्हणजे नॅचरल रिसोर्सेस वेल्स, या संस्थेकडे असते. ही संस्था १ एप्रिल २०१३ रोजी फॉरेस्ट्री कमिशन वेल्ससह तीन जुन्या संस्था एकत्र करून झाली, त्यामुळे त्याआधी उभारलेल्या शिल्पांचे कागद कोणत्या तरी जुन्या संस्थेच्या नावाने असतात, हे माहिती मागताना नमूद करावे. जंगल स्थानिक कौन्सिलचे किंवा खासगी असेल तर जमीन नोंदणी कार्यालयातून अल्प शुल्कात मालकी कळते. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय शिल्पाला हात लावू नये. त्या जागेवर येणाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी १९५७ च्या कायद्याने जागेच्या ताबेदारावर आहे, आणि या भीतीपोटीच पुष्कळ शिल्पे निमूटपणे उचलली जातात. आपण अर्धवट डागडुजी करून एखादे शिल्प ‘सुरक्षित’ भासवले तर त्या भीतीत भरच पडते.

दुसरे, वाट सार्वजनिक हक्काची आहे की केवळ मालकाच्या सवलतीची, हे कौन्सिलच्या अधिकृत नकाशावर पाहावे. सार्वजनिक हक्काची असेल तर ती चालण्याजोगी ठेवणे हे महामार्ग प्राधिकरणाचे, म्हणजे बहुधा त्याच कौन्सिलचे, कर्तव्य आहे, आणि ब्लॅकबेरीच्या जाळ्यांबद्दल त्यांना कळवणे पुरेसे असते. सवलतीची असेल तर असे कोणतेही कर्तव्य नाही. तेथे गोडीनेच काम करून घ्यावे लागते.

तिसरे, नोंदीबद्दल. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी ठेवलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेणे आणि प्रसिद्ध करणे यास ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्याने मुभा आहे, त्यामुळे त्यासाठी परवानगीची गरज नाही. प्रत्येक शिल्पाचे चारही बाजूंनी चित्र, मोजमापासाठी शेजारी एक काठी, आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा आठ अंकी ग्रिड संदर्भ घ्यावा. सहा अंकी संदर्भ १०० मीटरच्या चौकोनापर्यंतच नेतो, आठ अंकी १० मीटरपर्यंत. हे सर्व ‘कास्ग्लियाद अ वेरिन कम्री’ या लोकसंग्रहाच्या संकेतस्थळावर कोणालाही चढवता येते. राष्ट्रीय ग्रंथालय, राष्ट्रीय संग्रहालय आणि प्राचीन वास्तूंची नोंद ठेवणारे रॉयल कमिशन यांच्या सहभागाने तो चालतो. गावातील वयस्कर लोकांना फलकांवरचा मजकूर किंवा उद्घाटनाची जुनी चित्रे विचारावीत. शिल्पकाराचे नाव बहुधा तेथूनच मिळते.

जाता जाता: लार्चच्या जंगलात ‘प्रवेश बंद’ असे फलक दिसले तर ते मोडू नयेत. लार्च मारणारा फायटोफ्थोरा रॅमोरम हा रोग वेल्समध्ये २०१० पासून आहे आणि तो बुटांच्या चिखलातूनही पसरतो. बूट निघण्यापूर्वी आणि परतल्यावर घासून धुवावेत.

वनवाटसरू

सर्वांचे आभार. वरच्या प्रवेशद्वारापासून पुन्हा चालून आले. हंड्याच्या चारही तुकड्यांच्या कडांवर करवतीचे समांतर ओरखडे स्पष्ट आहेत आणि त्या इतर पृष्ठभागाइतक्याच करड्या आहेत. तो जोडण्याचा विचार आम्ही सोडला आहे. मस्तकाचे तोंड होकायंत्राने पाहिले, ते आग्नेयेकडेच आहे. ओढ्यावरचा पूल मात्र लोखंडी जाळीचा आणि बराच नवा आहे, म्हणून पूर्वीच्या पुलावर काही कोरलेले असले तरी ते गेले. रिआननच्या पायरीवर शेवाळाखाली वेल्श अक्षरे खोदलेली आहेत. ती हाताने मोकळी केली नाहीत, मालकाची परवानगी मिळाल्यावर करू.

ओळखीच्या मंडळींना तेलाऐवजी कॅमेरे आणायला सांगितले आहे. काहींची निराशा झाली, कारण त्यांना हाताने करण्याचे काम हवे होते. त्यांच्यासाठी नेचे कापण्याचे काम मागून घेणार आहे. एक शंका उरते: घुबडाच्या छातीतील पोकळीच्या तोंडाशी आणि खाली जमिनीवर लहान काळ्या लेंड्या दिसल्या, उंदराच्या असाव्यात तशा. तेथे नोंदीसाठी आत दिवा टाकून पाहावे का?

पायवाट-मित्र

टाकू नये. लेंडी दोन बोटांत चिरडल्यावर तिचा कोरडा भुगा होत असेल आणि त्यात कीटकांच्या पंखांचे चकाकणारे कण दिसत असतील तर ती वटवाघळाची आहे. उंदराची वाळून कडक होते. हे हातमोजे घालून पाहावे. ब्रिटनमधील सर्व वटवाघळांना आणि त्यांच्या बसण्याच्या जागांना कायद्याचे संरक्षण आहे, ती जागा त्या वेळी रिकामी असली तरीसुद्धा. म्हणून पोकळीत दिवा टाकणे, ती बुजवणे किंवा ते शिल्प पाडणे यांपैकी काहीही परवानाधारक तज्ज्ञाच्या पाहणीआधी करता येत नाही, आणि हे मालकालाही लागू आहे. आपल्या पत्रात ही लेंड्यांची बाब सर्वांत वर लिहावी. नेचे आणि जाळ्या कापण्याचे काम पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून, म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, मागावे.

लाकूडकामगार

आणि घुबडाच्या बाजूची वाट वळवण्याची विनंती त्याच पत्रात करावी. बुंध्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडले की पुरे.